इमारतीच्या अंगाखांद्यावरून धुक्याचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुक्याच्या सकाळी बाल्कनीच्या रेलिंगकडे बघा. गजांच्या खालच्या कडेला थेंबांची रांग लटकलेली असते, आणि मागची भिंत जेमतेम दमट असते. इमारतीवर जाळी लावून धुक्यातलं पाणी गोळा करण्याबद्दलच्या खालच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं या एकाच निरीक्षणातून निघतात, म्हणून पहिला प्रश्नही तोच घेतला आहे.

रेलिंग भिजतं आणि भिंत कोरडी राहते, असं का?

धुक्यातले थेंब फार बारीक असतात. बहुतेकांचा व्यास ५ ते ३० मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान भरतो. इतका हलका थेंब स्वतःहून कुठे जात नाही, हवा नेईल तिकडे जातो. वारा भिंतीवर येतो तेव्हा तो भिंतीला धडकेपर्यंत थांबत नाही. काही मीटर आधीच वळायला लागतो आणि बाजूंनी व वरून निघून जातो. थेंबांना वळायला भरपूर वेळ मिळतो, तेही हवेबरोबर वळतात आणि भिंतीला न शिवता पसार होतात.

आता भिंतीच्या जागी एक मिलिमीटर जाडीची तार धरा. हवा तिला वळसा घालते तो शेवटच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये. सेकंदाला ४ मीटर वेगाने चाललेल्या १० मायक्रोमीटरच्या थेंबाभोवतीची हवा अचानक थांबवली, तर तो आपल्या जडत्वाने साधारण १.२ मिलिमीटर पुढे जाऊन थांबतो. २० मायक्रोमीटरचा असेल तर ५ मिलिमीटरपर्यंत. तारेपुढे एवढं अंतर पुरेसं असतं. थेंबाला वळायला जमत नाही आणि तो तारेवर आदळतो. दहा मीटर रुंद भिंतीपुढे हेच अंतर नगण्य ठरतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत टेबल माउंटनवर रुडॉल्फ मार्लोथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन पर्जन्यमापकं ठेवली होती. एक नेहमीसारखं उघडं, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लव्हाळ्याची जुडी उभी केलेली. जुडीवाल्यात कैक पटींनी जास्त पाणी जमलं. बारीक काड्यांनी ढग गाळून घेतला होता.

भिंत पाणी पकडत नसेल तर इमारत हवीच कशाला?

पकडायला नव्हे, धरून ठेवायला. धुकं गोळा करायचं म्हटलं की तीन गोष्टी लागतात: उंची, कारण वर वारा जास्त असतो; जाळीला भक्कम आधार; आणि गोळा झालेलं पाणी पंपाशिवाय खाली उतरवायची सोय. मोकळ्या डोंगरावर या तिन्हींसाठी खांब, ताण देणाऱ्या तारा आणि लांब पाइप लागतात. इमारतीत हे सगळं आधीच बांधलेलं असतं. पन्हळ असते, टाकीही असते.

जाळी नेमकी कुठे लावायची?

भिंतीच्या मधोमध लावू नका. वाऱ्याच्या दृष्टीने ती सगळ्यात मेलेली जागा. समोरून आलेली हवा तिथे अडून थबकते. वेग वाढतो तो कोपऱ्यांवर, गच्चीच्या कठड्यावरून वर उसळताना, आणि दोन इमारतींमधल्या फटीत. त्यामुळे पहिली पसंती कठड्याच्या वर उभ्या केलेल्या जाळीला, अर्थातच ज्या बाजूने धुकं येतं त्या बाजूला. कठड्याच्या लगेच मागे हवा भोवऱ्यासारखी उलटी फिरते. म्हणून जाळी कठड्याच्या आड लपता कामा नये, ती पुरती वर निघायला हवी.

दुसरी पसंती इमारतीच्या आरपार मोकळ्या जागांना: जिन्याच्या दोन्हीकडून उघड्या खिडक्या, खांबांवर उभा असलेला मोकळा मजला, खुले व्हरांडे.

दर्शनी भिंतीवर जाळीचा दुसरा पडदा चढवायची कल्पना चित्रात फार देखणी दिसते. ती चालते, पण एका अटीवर. जाळीतून आत शिरलेल्या हवेला वरून किंवा बाजूने बाहेर पडायला वाट हवी. भिंतीला चिकटवलेली जाळी म्हणजे भिंतच. वारा तिच्या आरपार जाणार नाही, आणि जी हवा आरपार जात नाही तिच्यातलं पाणीही मिळत नाही.

किती पाणी मिळतं?

आकडा सांगण्याआधी हिशेब सांगतो, म्हणजे आपल्या जागेचा अंदाज आपल्याला करता येईल.

धुक्याच्या एका घनमीटर हवेत द्रवरूप पाणी साधारण ०.०५ ते ०.५ ग्रॅम असतं. मधला ०.२ ग्रॅमचा आकडा घेऊ. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर एक चौरस मीटर जाळीपुढून दर सेकंदाला ०.८ ग्रॅम, म्हणजे तासाला जवळपास २.९ लिटर पाणी वाहत जातं. साधी जाळी त्यातलं पाचवा हिस्सा पकडते असं धरलं, तर तासाला सुमारे ०.६ लिटर. सहा तास धुकं टिकलं की दिवसाचे साडेतीन लिटर.

आता वारा सेकंदाला १ मीटरवर आणा. वाहतं पाणी चौथाई होतं, आणि थेंबांचं जडत्व घटल्यामुळे पकडण्याचं प्रमाणही घसरतं. मग कपभर मिळालं तरी खूप.

चिलीतल्या एल टोफो डोंगरावरच्या जाळ्यांनी वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ३ लिटर दिले. जाहिरातीत कोणी २० किंवा ३० लिटरचा आकडा दाखवला तर तो वर्षाची सरासरी आहे की एखाद्या भाग्यवान दिवसाचा, हे आधी विचारा.

एका घराची गरज भागेल का?

पिण्यापुरती, हो. माणशी दिवसाला २ ते ३ लिटर धरले तर चौघांच्या कुटुंबाला ८ ते १२ लिटर लागतात. सरासरी ३ लिटर देणारी जागा असेल तर ४ चौरस मीटर जाळीत कागदावर काम होतं. कागदावर म्हणायचं कारण, धुकं रोज हजेरी लावत नाही. आठवडाभर येतं, मग पंधरा दिवस गायब. म्हणून जाळी दुपटीने घ्या आणि साठवणीची टाकी कोरड्या दिवसांच्या मापाने. आंघोळ, कपडे, संडास यांचं पाणी धुक्यावर टाकायचा विचार सोडून द्या.

कोणतंही धुकं चालतं का?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. निरभ्र, निवांत रात्री जमीन थंड पडून जे धुकं साचतं ते दिसायला घनदाट असतं. समोरचा माणूस दिसत नाही. पण त्यात वारा जवळजवळ नसतो, आणि वारा नाही तर जाळीपुढून काही वाहत नाही. उन्हं वर आली की तेही विरतं.

उपयोगाचं धुकं ते, जे चालत येतं: थंड समुद्रावरून जमिनीकडे सरकणारं, किंवा डोंगराला अडून वर चढणाऱ्या हवेत तयार होणारं. चिलीच्या किनाऱ्यावरचं कामान्चाका नावाचं धुकं, पेरूतल्या लिमा शहराभोवतीच्या टेकड्यांना वेढणारं धुकं, नामिबच्या वाळवंटात शिरणारं धुकं ही सगळी याच जातीची. या प्रदेशांत पाऊस नावापुरता पडतो, तरी हवेत पाणी वाहत असतं.

जाळी कोणती घ्यावी?

जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते ती राशेल विणीची प्लॅस्टिक जाळी. रोपवाटिकेत सावलीसाठी वापरतात त्याच कुळातली. ३५ टक्के सावली देणारी, दोन पदरी. पदर दोन का? वाऱ्याने ते एकमेकांवर घासतात आणि अडकून बसलेले थेंब खाली निसटतात.

जास्त दाट जाळी जास्त पाणी देईल असं वाटणं साहजिक आहे, आणि ते चूक आहे. जाळी दाट झाली की तिचीही भिंत होते आणि हवा तिला वळसा घालून जाते. फार विरळ ठेवली तर थेंब भोकांतून निसटतात. काम मधल्या पट्ट्यात होतं.

आडव्या धाग्यांची आणखी एक कटकट आहे. थेंब त्यांवर बसून राहतात, भोकं पाण्याच्या पडद्याने बुजतात आणि वाऱ्याचा झोत आला की तेच थेंब मागे उडून जातात. यावर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये सोपा उपाय दाखवला: आडवे धागे काढूनच टाकायचे. वीणेसारख्या फक्त उभ्या तारा ताणायच्या, म्हणजे थेंब अडथळ्याविना घसरत खाली येतो. इमारतीच्या खिडकीत किंवा दोन खांबांमध्ये अशी चौकट सहज बसते, आणि मला तरी ती ढिल्या पडलेल्या प्लॅस्टिक जाळीपेक्षा बघायलाही बरी वाटते.

वाळवंटी भुंगेऱ्याच्या पाठीवरून सुचलेला लेप भिंतीला लावला तर?

हा प्रश्न सारखा येतो. २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स यांनी नामिबच्या एका भुंगेऱ्याबद्दल लिहिलं: पाठीवर पाणी धरणारे उंचवटे, त्यांमध्ये पाणी झटकणाऱ्या मेणचट खाचा. तेव्हापासून त्या पाठीची नक्कल करणारे असंख्य लेप प्रयोगशाळांतून बाहेर पडले.

पण नामिबचे धुकं पिणारे भुंगेरे आणखी एक गोष्ट करतात. १९७६ मध्ये हॅमिल्टन आणि सीली या संशोधकांनी नोंदवल्याप्रमाणे ते धुक्याच्या वेळी वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतात आणि डोकं खाली, पार्श्वभाग वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. आधी वाऱ्याची जागा गाठायची, पाठीचं काम त्यानंतर. लेपामुळे आदळलेला थेंब लवकर ओघळतो, एवढंच. जो थेंब भिंतीपर्यंत पोचलाच नाही त्याला लेप ओढून आणू शकत नाही. पैसे जाळीवर आणि जागेवर घाला.

पत्र्याच्या छतावर सकाळी पाणी साचतं. ते धुक्याचंच ना?

बहुधा ते दव असतं. रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा थंड होतो आणि वाफ त्याच्यावर द्रवरूप होते. इथे तारेपेक्षा पसरट पृष्ठभागच चांगला, त्यामुळे छप्पर यात पास होतं. मर्यादा मात्र कडक आहे: उष्णता सोडण्याच्या वेगानेच ती ठरते, आणि तिची कमाल रात्रीला दर चौरस मीटर सुमारे ०.८ लिटर एवढीच आहे. प्रत्यक्षात चांगल्या रात्री याच्या निम्मंही पुष्कळ. तरी छप्पर मोठं असेल आणि पन्हळ आधीच लावलेली असेल तर ते सोडू नये. दवाला स्वच्छ आकाश आणि मंद हवा लागते, धुक्याच्या जाळीला वारा. दोघं एकमेकांची गैरहजेरी थोडीफार भरून काढतात.

हे पाणी तसंच पिता येतं का?

नाही. धुक्याचा थेंब धुळीच्या, मिठाच्या किंवा धुराच्या कणाभोवती तयार होतो, म्हणजे हवेत जे असेल ते पाण्यात उतरतं. पावसाच्या थेंबापेक्षा तो कितीतरी लहान असल्यामुळे त्यातली घाण कमी पाण्यात विरघळलेली, म्हणून जास्त तीव्र असते. १९८२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या धुक्यात पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं पाणी आंबट) १.७ इतका खाली गेलेला मोजला गेला होता. लिंबाच्या रसापेक्षाही आंबट. वाहनं आणि कारखाने यांच्या मधोमध असलेल्या इमारतीवरचं धुकं झाडांना घालायचं की नाही, याचाही विचार करावा.

समुद्रावरून किंवा जंगलावरून स्वच्छ हवा येणाऱ्या ठिकाणी मात्र जाळीवर आदळतानाचं पाणी बहुतेकदा चांगलं असतं. ते बिघडतं त्यानंतर: जाळीवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पन्हळीतला पाचोळा, उघडी टाकी. कोरड्या दिवसांनंतरचं पहिलं पाणी म्हणूनच नेहमी सोडून द्यायचं. पाइपाच्या तोंडाशी एक छोटी पहिल्या पाण्याची नळी बसवली की ती भरेपर्यंतचं पाणी टाकीत जात नाही.

यापुढे नेहमीचं काम. गाळून घ्या, पाणी गढूळ राहता कामा नये. मग उकळा, किंवा क्लोरीन टाकून किमान अर्धा तास ठेवा. त्यानंतर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू अजिबात सापडता कामा नये. आणि एक लक्षात ठेवा: उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. म्हणून पिण्याआधी प्रयोगशाळेत एकदा तरी धातूंची तपासणी करून घ्या, आणि वेगळ्या ऋतूत पुन्हा एकदा.

इमारतीचंच साहित्य पाण्यात उतरतं का?

उतरतं, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. धुक्याचं पाणी मऊ, म्हणजे जवळजवळ खनिजं नसलेलं, आणि बरेचदा किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे ते ज्याला स्पर्श करेल त्यातलं थोडं उचलतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून जस्त, तांब्याच्या पन्हळीतून तांबं, जुन्या रंगातून आणि सांध्यांतून शिसं. बाहेरच्या भिंतींच्या रंगांत आणि गिलाव्यात शेवाळ-बुरशी रोखण्यासाठी टर्ब्युट्रिन, डाययुरॉन यांसारखी रसायनं घातलेली असतात आणि ती पाण्याबरोबर हळूहळू धुऊन निघतात. रंगवलेल्या भिंतीवरून ओघळलेलं पाणी पिऊ नये, ते याचसाठी. डांबराचं आच्छादन आणि ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रेही नकोत.

जाळीपासून टाकीपर्यंतचा रस्ता वेगळाच ठेवा: खाद्यपदार्थांसाठी चालणारं प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टील. भिंत, गच्ची आणि पिण्याचं पाणी यांची कुठेही गाठ पडू देऊ नका.

खनिजं नसलेलं पाणी रोज प्यायलं तर?

बहुतेक खनिजं आपल्याला अन्नातून मिळतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. चव सपक लागते, तेवढं खरं. चुनखडीच्या खड्यांच्या थरातून पाणी सोडलं तर चव सुधारते आणि आम्लपणाही कमी होतो.

जोराचा वारा सुटला तर?

जाळीचं काम वाऱ्यावर चालतं, आणि ती फाटतेही वाऱ्यानेच. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ५५० न्यूटन होतो, म्हणजे ५६ किलो वजनाएवढा. दहा चौरस मीटर जाळी असेल तर अर्ध्या टनाहून जास्त. काही वारा आरपार जातो म्हणून प्रत्यक्ष ओढ कमी पडते, पण कठड्यातले बोल्ट ठरवताना या सवलतीवर विसंबू नये. कठडे अशा आडव्या ओढीसाठी बांधलेले नसतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही भोक पाडू नका.

जाणत्यांची युक्ती अशी की काहीतरी आधी तुटायला हवं आणि ते स्वस्त असायला हवं. जाळी चौकटीला रबरी किंवा लवचीक दुव्यांनी बांधायची. वादळात दुवे सुटतात, जाळी फडफडते, चौकट आणि कठडा शाबूत राहतात. मोरोक्कोतल्या डोंगरावर वापरलेल्या ‘क्लाउडफिशर’ जाळ्यांत रबराचे असेच दुवे आहेत.

दर्शनी बाजूला प्लॅस्टिक जाळी लावताना आगीचे नियमही बघा. पेटतं प्लॅस्टिक वितळून खालच्या मजल्यांवर टपकतं. तिथे स्टीलच्या तारा बऱ्या.

भिंतीला ओल येईल का?

जाळीखालची पन्हळ पुरेशी रुंद नसेल तर नक्की येईल. वाऱ्यात थेंब सरळ खाली पडत नाहीत, जाळीच्या मागे तिरके पडतात. पन्हळ मागच्या बाजूला जास्त बाहेर काढा. पाणी वाचतं आणि भिंतही.

कूलिंग टॉवरमधून (यंत्रणेतलं गरम पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यातून) निघणारं धुकं पकडता येतं का?

इमारतीशी जोडलेलं सगळ्यात घट्ट आणि भरवशाचं धुकं तेच, रोज ठरल्या जागी निघणारं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले माहेर डमाक आणि कृपा वाराणसी यांनी ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या विज्ञानपत्रिकेत यावरचं काम मांडलं. आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, झोताने थेंबांना विद्युतभार द्यायचा आणि तारांच्या जाळीने त्यांना ओढून घ्यायचं. हवेबरोबर वळून निसटणाऱ्या थेंबावर तोडगा म्हणून याहून नेटकं काही माझ्या पाहण्यात नाही.

घरगुती प्रयत्न मात्र इथे करू नका. टॉवरमधून वाफेबरोबर मूळ पाण्याचे शिंतोडेही उडतात, आणि त्यात रसायनं किंवा लेजिओनेलासारखे जंतू असू शकतात. ते पाणी उद्योगाच्याच कामाला परत वापरावं.

आपण धुकं अडवलं तर पलीकडच्या झाडांचं पाणी तुटेल का?

पाचशे मीटर उंच आणि एक किलोमीटर रुंद धुक्याचा लोट वरच्याच हिशेबाने सेकंदाला ४०० किलो पाणी वाहून नेतो. चाळीस चौरस मीटर जाळी त्यातले सुमारे साडेसहा ग्रॅम घेते. झाडं याहून कितीतरी मोठी धुकेखोर आहेत. कॅलिफोर्नियाच्या रेडवूड जंगलात वर्षभराच्या पाण्यातला सुमारे एक तृतीयांश भाग धुक्याच्या ठिबकण्यातून येतो. कॅनरी बेटांतल्या एल हिएरोवर तर गारोए नावाच्या एकाच झाडाखालच्या खड्ड्यांतून लोक पाणी भरत. १६१० मध्ये वादळात ते झाड पडलं.

असे प्रकल्प कुठे चालले, आणि कुठे बंद पडले?

दोन्ही कहाण्या सांगायला हव्यात. मोरोक्कोत बुतमेझगिदा डोंगरावर दार सी हमाद या संस्थेचा प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला आणि पाणी नळाने गावांत पोचलं. २०१६ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक पुरस्कार मिळाला.

चिलीत एल टोफोच्या जाळ्यांवरून १९९२ मध्ये चुंगुंगो या मासेमारीच्या गावाला पाणी गेलं. जाळ्या वाढत शंभराच्या आसपास पोचल्या आणि दिवसाला सरासरी १५,००० लिटर मिळू लागले. दहा वर्षांत सगळं बंद पडलं. धुकं तेच होतं. गाव वाढलं, मागणी वाढली, फाटलेल्या जाळ्या शिवण्याचं काम नेमकं कोणाचं हे ठरलेलं राहिलं नाही, आणि गावाची नजर पाइपलाइनच्या आश्वासनाकडे वळली. सोसायटीच्या गच्चीवर जाळी उभी करणाऱ्यांनी ही दुसरी कहाणी आधी वाचावी. सुट्या दुव्यांचा डबा कोणाकडे राहणार आणि पन्हळ कोण धुणार, ते ठरावातच लिहून घ्यावं.

सुरुवात कशी करू?

एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटीने. १९९४ मध्ये शेमेनॉअर आणि सेरेसेडा या संशोधकांनी हेच माप प्रमाण म्हणून सुचवलं: एक चौरस मीटर दोन पदरी जाळी, खालची कड जमिनीपासून २ मीटरवर, तोंड वाऱ्याकडे, खाली पन्हळ आणि झाकणाचं भांडं. गच्चीवर ती कठड्याच्या वर येईल अशी उभी करा. शेजारी साधं पर्जन्यमापक ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी धुक्याच्या खात्यात जमा होईल.

रोज सकाळी एकाच वेळी भांडं मोजा आणि वहीत लिटर, वाऱ्याची दिशा, धुकं किती वाजता आलं-गेलं ते लिहा. शून्य असेल त्या दिवशी शून्यही लिहा. जमल्यास दुसरी चौकट इमारतीच्या दुसऱ्या कोपऱ्यावर लावा. एकाच गच्चीच्या दोन टोकांत दुपटीचा फरकही दिसू शकतो. असं वर्षभर करा. टाकी केवढी घ्यायची हे त्या वहीतल्या सर्वांत लांब कोरड्या पट्ट्यावरून कळेल.